‘अर्ध्या तासात उडून जायलंय’: उन्हाळ्यात गार वासाचा सेंट टिकत नाही, तेव्हा काय तपासायचं

मार्च लागला की माझ्या दुकानात ही तक्रार सुरू होते आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत चालूच राहते. गिऱ्हाईक निळी बाटली काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, “भाऊ, अर्ध्या तासात उडून जायलंय हे. वासच येईना.” बाटली बहुतेक वेळा एकाच जातीची असते. पुरुषांचा गार वासाचा सेंट, वर लिंबू, पुदिना आणि समुद्र, खाली लाकूड. कंपन्या याला अ‍ॅक्वाटिक म्हणतात. दिवाळीत हीच बाटली घेऊन गेलेला माणूस थंडीभर खूश असतो आणि उन्हाळ्यात तोच ती घेऊन परत येतो.

परभणीत माझं जनरल स्टोअर आहे आणि सेंटचं कपाट मी स्वतः बघतो. या एका तक्रारीच्या मागं मी बरीच वर्षं लागलोय. त्यातून एक गोष्ट पक्की कळली की बहुतेक वेळा बाटलीत खोट नसते. वरचं पाणी, म्हणजे तो लिंबू-पुदिना-समुद्राचा गार वास, उडून जातं आणि ते उडण्यासाठीच असतं. खालचं लाकूड, म्हणजे लाकडाचा वास, अंगावरच असतं, फक्त आपल्याला ते कळत नाही. म्हणून नवी बाटली घ्यायच्या आधी, किंवा आहे तिचेच दहा फवारे मारायच्या आधी, लाकूड शिल्लक आहे का ते बघा. दुकानात मी ज्या क्रमानं विचारतो, त्याच क्रमानं इथं लिहितो.

आधी दस्तीची परीक्षा

धुतलेली पांढरी सुती दस्ती, म्हणजे हातरुमाल, घ्या. सुगंधी पावडरीत किंवा फॅब्रिक कंडिशनरमध्ये भिजवलेली नको, साध्या साबणाची हवी. सकाळी ऊन तापायच्या आत एक फवारा दस्तीवर मारा, एक डाव्या हाताच्या आतल्या बाजूला. वेळ लिहून ठेवा. मग दर पंधरा मिनिटांनी हुंगत बसू नका, तासानं एकदा हुंगा. आणि प्रत्येक वेळी त्याआधी पाच-दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत किंवा बाहेर जाऊन या.

गेल्या मे महिन्यात माझा भाचा सुट्टीला आला होता, त्याचीही हीच तक्रार. सकाळी आठला त्याला ओसरीत बसवलं आणि दोन फवारे मारले. त्याला मात्र राहवेना, सारखा हात नाकाशी. सव्वाआठला हातावरचं लिंबू संपलं. पावणेनऊला तो पुदिन्यासारखा गारवा विरत आला. साडेनऊला म्हणाला, “मामा, गेलं. संपलं बघा.” मी त्याला म्हटलं, जा, मोटार चालू कर, टाकी भरली की बंद करून ये. पंधरा-वीस मिनिटांनी तो घामेजून आत आला, खाटेवरची दस्ती उचलून नाकाशी धरली आणि तसाच उभा राहिला. मग म्हणाला, “हे तर वाळ्यासारखं यायलंय. माठातल्या वाळ्यासारखं.” तेवढ्यात स्वयंपाकघरातून माझी बहीण म्हणाली, “हा घरात शिरला की वास येतोच की सेंटचा, कोण म्हणतं गेला म्हणून?”

हातावरही तो होता, पण फिका. नाक कातडीला टेकवलं तेव्हाच लागला. दस्तीवर मात्र दुपारी तीनलाही स्पष्ट होता.

तुमच्या दस्तीवर चार-पाच तासांनी कोरडा, लाकडासारखा, वाळ्यासारखा किंवा पेन्सिलीला टोक काढताना येतो तसा वास येत असेल, तर बाटली ठीक आहे. मग खोट वापरण्याच्या पद्धतीत आहे, किंवा नाकाच्या सवयीत.

वरचं का उडतं, खालचं का राहतं

यात थोडं रसायनशास्त्र आहे, पण ते समजलं की निम्मी तक्रार तिथंच सुटते. सेंट म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेले वीस-पन्नास, कधी शंभरावर वेगवेगळे वासाचे पदार्थ. ज्याचा रेणू हलका तो बहुधा आधी उडतो. लिंबाच्या सालीतल्या लिमोनीनचा रेणूभार १३६ आहे, ते पहिल्या काही मिनिटांतच जातं. त्याच्यामागं डायहायड्रोमर्सिनॉल, रेणूभार १५६. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण वास ओळखता. नव्या साबणाच्या वडीचा, धुण्याच्या पावडरीचा तो स्वच्छ, किंचित धातूसारखा गारवा याच्याच घरातला. मग येतं कॅलोन, १७८. कापलेलं टरबूज आणि समुद्रावरून येणारं वारं यांच्या मधला असा त्याचा वास असतो. फायझर या औषध कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांना ते १९६६ साली सापडलं, पण सेंटात त्याचा बोलबाला झाला तो वीसेक वर्षांनी. १९८८ मध्ये पिएर बूर्दों यांनी दाविदॉफसाठी ‘कूल वॉटर’ रचला. त्याचा कणा डायहायड्रोमर्सिनॉलचा. १९९६ मध्ये अल्बेर्तो मोरिलास यांचा अरमानीसाठीचा ‘अक्वा दि जिओ’ आला, त्यात समुद्र आणखी पुढं आला. आज बाजारात स्वस्त-महाग जेवढ्या निळ्या बाटल्या दिसतात, त्यांतल्या बऱ्याच या दोघांच्या वाटेनं चाललेल्या आहेत.

या सगळ्याच्या खाली लाकडाची बैठक असते. देवदाराच्या जातीचं सीडर, वाळा, पचौली या झाडाच्या पानांचं तेल, चंदनासारखी कृत्रिम द्रव्यं, आणि त्यांच्या जोडीला आयसो ई सुपर (२३४), अँब्रॉक्सन (२३६), पांढरे मस्क, म्हणजे कस्तुरीसारखी कृत्रिम द्रव्यं (गॅलॅक्सोलाइड २५८). हे जड रेणू लवकर उडत नाहीत. वाळा खरं तर लाकूड नव्हे, गवताची मुळी, पण सेंट रचणारे त्याला लाकडातच धरतात आणि त्याचं तेल सगळ्यात चिवट तेलांपैकी एक आहे. माझ्या भाच्याला माठ आठवला तो उगीच नाही. आपल्याकडं उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकतात, कूलरला वाळ्याच्या ताट्या लावतात. महागड्या बाटलीच्या तळाशी जे आहे ते आपल्या घरात आजीच्या काळापासून आहे.

आता उष्णता. ढोबळमानानं, तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा द्रव्यांचा उडण्याचा वेग दुपटीच्या आसपास जातो. डिसेंबरातल्या सकाळी १२-१५ अंश असतात आणि मे महिन्यात दुपारी ४२-४४. अंगाचं तापमान हवेइतकं बदलत नाही, तरी जे पाणी थंडीत दीड-दोन तास चालायचं, ते उन्हाळ्यात अर्ध्या तासात आटोपतं. त्यात आपली हवा कोरडी. गिऱ्हाइकाचं निरीक्षण बरोबरच आहे, अर्ध्या तासात उडून जातं. पण जातं ते वरचं.

हा सेंट युरोपातल्या माणसांनी रचला, आणि तो आवडतो मराठवाड्यातल्या माणसाला. मला त्यात नवल वाटत नाही. ज्या भागात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या पोराला शर्टावर पाण्याचा वास हवासा वाटणारच. जायकवाडी धरणाच्या नाथसागराच्या काठी संध्याकाळी वारं सुटतं तेव्हा जे वाटतं, ते त्याला बाटलीत हवं असतं. तक्रार ऐकताना मी हे विसरत नाही. म्हणूनच “असंच असतं ते” म्हणून कुणाला परत पाठवत नाही.

नाकाची सवय

एकच वास सतत येत राहिला की मेंदू तो बाजूला सारतो. पिठाच्या गिरणीत काम करणाऱ्याला पिठाचा वास येत नाही, तसंच. जड लाकूड आणि मस्क यांच्या बाबतीत हे जास्तच घडतं. शिवाय काही माणसांना काही ठरावीक मस्क किंवा आयसो ई सुपरसारखे पदार्थ जन्मतःच कमी लागतात किंवा लागतच नाहीत. माणूस निरोगी, बाकी सगळे वास नीट येतात, तेवढा एक नाही. अशा माणसाला लिंबू गेल्यावर बाटली खरोखरच रिकामी वाटते, आणि शेजारी बसलेल्याला मात्र डोकेदुखी होईल इतका वास येत असतो.

म्हणून स्वतःच्या नाकावर निकाल देऊ नका. घरातल्या माणसाला विचारा, पण “वास येतोय का?” असं नाही, “कशाचा वास येतोय?” असं. पहिल्या प्रश्नाला लोक मान डोलावतात, दुसऱ्याला खरं सांगतात. दुपारच्या कोरड्या उन्हातून आल्या आल्या तर कुठलीच परीक्षा करू नका, तेव्हा नाक आतून सुकलेलं असतं. पाणी प्या, कूलरसमोर थोडं बसा, मग हुंगा. अनेकांना संध्याकाळी आंघोळीआधी शर्ट काढताना अचानक सेंट लागतो, तो इतका वेळ तिथंच होता.

याचा दुसरा धोका असा की वास येत नाही म्हणून लोक दुपारी पुन्हा सहा फवारे मारतात, आणि एसटीत शेजारचा खिडकी उघडतो. दुसऱ्यांदा मारायचंच असेल तर एक, फार तर दोन.

कातडी, पाणी आणि फवारा कुठं मारायचा

कोरड्या कातडीवर सेंट लवकर जातो. आपल्याकडं बऱ्याच घरी आंघोळीला बोअरचं जड पाणी. त्यात साबणाला फेस येत नाही, साबणातली चरबी आणि पाण्यातला चुना मिळून एक चिकट थर अंगावर राहतो आणि कातडी ओढल्यासारखी होते. बादलीच्या कडेला जो पांढरट थर दिसतो, तोच. शेवटचे दोन तांबे तरी नळाच्या किंवा फिल्टरच्या पाण्याचे घ्या, अंग नीट पुसा. मग छातीवर हरभऱ्याएवढं बिनवासाचं पेट्रोलियम जेली चोळा. दोन मिनिटांनी त्यावर फवारा. खोबरेल वापरू नका, त्याचा स्वतःचा वास या गार वासाशी भांडतो.

एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिली जातं, म्हणजे १०० मिलीच्या बाटलीत हजाराच्या आसपास फवारे. उन्हाळ्यात मी चार सांगतो. एक छातीवर, बनियनच्या आत. एक शर्टाच्या कॉलरच्या आतल्या बाजूला, मानेमागं. दोन गमछ्यावर किंवा दस्तीवर. आपल्याकडं उन्हात माणूस डोक्याला-कानाला गमछा बांधल्याशिवाय गाडीवर बसत नाही. तोच गमछा सेंट धरून ठेवायला सगळ्यात चांगला, कारण सुती धाग्यात सेंट मुरतो आणि तो नाकाजवळ असतो. मनगटावर मारून गाडी चालवली तर वाऱ्यानं ते वीस मिनिटांत जातं. मनगटावर मनगट घासू नका, घासल्यानं ऊब येते आणि वरचं पाणी आणखी घाईनं उडतं.

रंगीत द्रव पांढऱ्या शर्टावर जवळून मारला तर डाग पडू शकतो. वीतभर अंतर ठेवा, रेशमी कपड्यावर नकोच. आणि उन्हात उघड्या राहणाऱ्या मानेवर, गळ्यावर थेट फवारा टाळा. बर्गमोट या लिंबाच्या तेलात बर्गाप्टेन नावाचा पदार्थ असतो, तो कातडीवर असताना कडक ऊन लागलं तर काळे चट्टे उठतात. आता बऱ्याच कंपन्या तो काढलेलं तेल वापरतात, तरी आपल्या उन्हाची परीक्षा घ्यायला नको.

दुपारी वास आंबट होतो, त्याचं काय

ही वेगळी तक्रार आहे, पण लोक दोन्ही एकत्र सांगतात. घाम स्वतः जवळजवळ बिनवासाचा असतो, काखेतले जिवाणू त्याचा वास करतात. त्यावर सुगंधी टाल्कम, त्यावर गोड वासाचा डिओ आणि त्यावर सेंट, असे तीन थर चढले की दुपारपर्यंत ते आंबतात. सेंट काखेत मारूच नका. आंघोळीनंतर तुरटीचा खडा ओला करून काखेत फिरवा, वाळू द्या. दाढीसाठी घरात असतेच. तुरटीला वास नाही, त्यामुळे लाकडाच्या आड काही येत नाही.

बाटली कुठं ठेवता?

हे मी माझं नुकसान करून शिकलो. तीन वर्षांपूर्वी दुकानात नवं काचेचं शोकेस केलं आणि ते पश्चिमेच्या दारासमोर ठेवलं. निळ्या बाटल्या ओळीनं मांडल्या, संध्याकाळचं ऊन त्यांतून आरपार यायचं, फार छान दिसायचं. जूनमध्ये पाहिलं तर पुढच्या रांगेतला निळा रंग फिका पडलेला, एका बाटलीत तर पिवळट हिरवा. फवारा मारला तर लिंबाच्या जागी टर्पेंटाइन, रंगाऱ्याचा डबा उघडल्यासारखा. विशेष म्हणजे तासाभरानं खाली लाकूड शाबूत होतं. ऊन आणि हवा यांनी लिमोनीन बिघडतं, आणि बिघडलेलं लिमोनीन काहींच्या कातडीला खाजही आणतं. ती सगळी रांग मी काढून टाकली, एकही बाटली विकली नाही. तेव्हापासून शोकेसमध्ये फक्त रिकामे खोके, माल आतल्या अंधाऱ्या खोलीत.

गिऱ्हाइकांकडं शोकेस नसतं, गाडीची डिकी असते. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद कारमध्ये ६० अंशांच्या पुढं जातं, दुचाकीच्या डिकीतही भट्टीच. तिथं सेंट नासतोच, शिवाय ही अल्कोहोल भरलेली ज्वलनशील बाटली आहे. तिथं ठेवायची नाही म्हणजे नाहीच. घरात कपाटाचा खालचा खण, खोक्यासकट. बाथरूम नको. फ्रीजची गरज नाही.

तुमच्या बाटलीचा पहिला फवारा टर्पेंटाइनसारखा किंवा शिरक्यासारखा आला, रंग गडद किंवा फिका झाला, तर तिचं वय झालं किंवा तिला ऊन लागलं. त्यावर उपाय नाही.

नकली की हलकी

दस्तीवर दोन तासांतच काहीही उरलं नाही, आणि घरातल्या दुसऱ्या माणसालाही काही लागलं नाही, तरच बाटलीवर शंका घ्या. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, आयात नोंदणी क्रमांक आणि एमआरपी असायला हवी. खोक्यावरचा आणि बाटलीच्या तळाचा बॅच क्रमांक जुळतो का बघा. फवारा धुक्यासारखा बारीक हवा, पिचकारीसारखा नको. एका घाऊक व्यापाऱ्याकडून मला एकदा असा माल आला होता, खोकं हुबेहूब, आत बॅच क्रमांकच वेगळा. परत केला.

पण बऱ्याचदा माल अस्सल असतो, फक्त हलका असतो. डब्यातल्या बॉडी स्प्रेत बराच भाग गॅस असतो. कोलोनमध्ये साधारण २ ते ५ टक्के सुगंधी द्रव्य, ईडीटी म्हणजे ओ द तॉयलेतमध्ये ५ ते १५, ईडीपी म्हणजे ओ द पार्फममध्ये १५ ते २०. आपल्या उन्हाळ्याला गार वासाचाच सेंट हवा असेल तर त्याच नावाची ईडीपी मिळते का विचारा. तिच्यात बहुधा लाकूड जास्त असतं, पाणी थोडं कमी वाटेल. दुकानात कागदाच्या पट्टीवर हुंगून लगेच पैसे देऊ नका. पट्टी खिशात घालून बाजार करा, तासानं पुन्हा हुंगा. पहिल्या मिनिटाला तुम्ही लिंबाला पैसे देता, तासानं लाकडाला.

आणखी एक मार्ग मला स्वतःला सगळ्यात आवडतो. अत्तराच्या दुकानातून खसचं, म्हणजे वाळ्याचं, साधं अत्तर घ्या, दोन-तीन मिलीची कुपी पुरते. आधी थेंबभर अत्तर छातीवर बोटानं लावा, पाच मिनिटांनी त्यावर निळ्या बाटलीचा एक फवारा. अत्तरात अल्कोहोल नसतं, ते तेल असतं, म्हणून ते बसून राहतं आणि वरच्या पाण्याला खाली टेकायला जागा मिळते. थेंब खरोखरच एक हवा. दोन झाले की नुसता वाळाच येतो, समुद्र बुडतो.

एवढं सगळं करूनही भागलं नाही, तर दुकानदाराकडं जाताना बाटलीबरोबर ती दस्तीही घेऊन जा, घडी घालून, प्लास्टिकच्या पिशवीत, आणि फवारा किती वाजता मारला ते चिठ्ठीवर लिहून. माझ्याकडं कुणी अशी दस्ती आणली तर मी आधी ती हुंगतो, बाटली नंतर बघतो.